स्थैर्य आणि नवता : मुक्त संगणक-प्रणालींच्या इतिहासातून



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते ते इतिहासाचे शिक्षक होते. इतिहासाच्या नावाने भरलेल्या सभेत राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी निवडलेला विषय मात्र जेमतेम साडेतीन दशकांचा आहे. त्यात राजा नाही. लढाया आहेत, पण त्या शब्दांच्या. तह मात्र पुष्कळ आहेत. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील फोन, बँकेतील संगणक आणि रेल्वेच्या आरक्षणासारख्या व्यवस्था ज्या पायावर उभ्या आहेत तो पाया सतत बदलत असतानाही कोसळत का नाही, हा माझा आजचा प्रश्न आहे. व्यवसायाच्या निमित्ताने माझे आयुष्य याच प्रश्नाच्या आसपास गेले, म्हणून त्यावर बोलण्याचे धाडस करतो.

संगणकाचे यंत्र आणि आपण वापरतो त्या आज्ञावल्या यांच्यामध्ये एक व्यवस्थापक असतो. कळफलकावरील अक्षर कोणाकडे पोहोचवायचे, हार्ड डिस्कवर कोणती फाइल कोठे ठेवायची, दोन आज्ञावल्यांनी एकाच वेळी स्मृतीची जागा मागितली तर कोणास किती द्यायची, हे तो ठरवतो. या सर्व व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. तिच्या मध्यभागी असलेल्या भागाला इंग्रजीत कर्नेल असे नाव आहे. आपल्याकडे तो शब्द लष्करी हुद्द्याची आठवण करून देतो, म्हणून मी त्याला गाभा म्हणेन. अशा प्रणालीची मूळ लिखित आज्ञावली कोणासही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येत असेल तर ती मुक्त प्रणाली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली ती याच तत्त्वासाठी, आणि १९८९ मधील त्यांच्या सार्वजनिक परवान्याने त्या तत्त्वाला कायद्याचे रूप दिले.

आता आपल्याच भागातील एक उदाहरण घेऊ. छिंदवाड्याहून सौंसरमार्गे नागपूरला जाणारी अरुंद मापाची रेल्वे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेली आहे. त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करण्यासाठी २०१५ च्या अखेरीस ती गाडी बंद झाली. जुने रूळ उखडले गेले, नवे टप्प्याटप्प्याने पडले, आणि काही वर्षे प्रवाशांनी बसचा रस्ता धरला. रेल्वेला हे शक्य होते, कारण पर्यायी रस्ता होता आणि लोकांनी धीर धरला. चालत्या गाडीखालून रूळ बदलायचे आणि प्रवाशाच्या हातातील चहा सांडू द्यायचा नाही, अशी अट घातली असती तर कोणत्याही अभियंत्याने हात जोडले असते. संगणक-प्रणालीवर ही अट रोजच असते. रुग्णालयातील यंत्र दोन वर्षे बंद ठेवता येत नाही. आणि नवे रूळ न टाकूनही चालत नाही, कारण दर वर्षी नवी यंत्रे येतात, नवे हल्ले होतात, नव्या गरजा निर्माण होतात.

लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा यातील कोणतीच अडचण नव्हती. वापरणारेच लिहिणारे होते. मोडले तर तेच दुरुस्त करीत. १९९२ मध्ये त्याने स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला. मार्च १९९४ मध्ये लिनक्सची १.० ही आवृत्ती आली तेव्हा गाभ्याच्या लिखाणाच्या सुमारे १ लाख ७६ हजार ओळी होत्या. २०२५ च्या सुमारास तीच संख्या चार कोटींच्या घरात पोहोचली. परंतु ओळींच्या वाढीहून महत्त्वाची घटना अशी की, १९९४ नंतर ती वापरणाऱ्यांत प्रणाली न लिहिणारे लोक आले. त्यांना दुरुस्ती करता येत नव्हती; त्यांना फक्त विश्वास ठेवता येत होता.

या नव्या वर्गासाठी पहिला तह झाला तो आकड्यांच्या साहाय्याने. आवृत्तीच्या क्रमांकातील मधला आकडा सम असेल तर ती स्थिर, विषम असेल तर प्रयोगाची. २.० ही १९९६ ची, २.२ ही जानेवारी १९९९ ची, २.४ ही जानेवारी २००१ ची. यांच्या मधल्या २.१ आणि २.३ या प्रयोगशाळा. शहाण्याने सम आकडा घ्यावा, हौशी माणसाने विषम. वरवर पाहता व्यवस्था इतकी सुबक होती की ती चुकीची असू शकेल अशी शंकाही येऊ नये.

प्रत्यक्षात दोन गोष्टी घडल्या. दोन सम आवृत्त्यांमधील अंतर वाढत जाऊन दोन-तीन वर्षांचे झाले, २.६ येण्यास तर डिसेंबर २००३ उजाडला. तेवढा काळ नवे यंत्र विकत घेतलेला माणूस थांबेना. मग प्रणालीचे वितरण करणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेतील हव्या त्या गोष्टी उचलून आपापल्या स्थिर आवृत्तीवर बसवू लागल्या. रेड हॅटने मार्च २००३ मध्ये दिलेल्या नवव्या आवृत्तीत गाभा नावाला २.४ होता, पण अनेक कामे समांतर चालवण्याची नवी रचना त्यात आधीच आणलेली होती. प्रत्येक वितरकाचा 'स्थिर' गाभा वेगळा होऊ लागला, आणि त्या विशिष्ट मिश्रणाची कसोटी जगात दुसरे कोणीही घेत नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. स्थिर म्हणून घोषित केलेल्या २.४ च्या मालिकेत स्मृतीचे वाटप करणारा भाग नीट चालेना. रिक व्हान रील यांनी लिहिलेली ती यंत्रणा सप्टेंबर २००१ मध्ये, २.४.१० या आवृत्तीत, एकदम काढून आंद्रेआ आर्कान्जेली यांची यंत्रणा बसवली गेली. म्हणजे घराच्या वास्तुशांतीनंतर नऊ महिन्यांनी पायाचे दगड बदलले! ॲलन कॉक्स यांनी काही काळ आपल्या वेगळ्या शाखेत जुनीच यंत्रणा चालू ठेवली. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेली २.४.१५ तर फायलींची मांडणीच बिघडवू शके; तीन दिवसांत २.४.१६ काढावी लागली. मालिकेची जबाबदारी तेव्हा नुकतीच ब्राझीलमधील मार्सेलो तोसात्ती या अठरा वर्षांच्या तरुणाकडे सोपवलेली होती. माझ्या मते २००१ हे साल या इतिहासातील पानिपत आहे. पराभव कोणा एकाच्या अकुशलतेने झाला नाही. व्यूहच चुकीचा होता. बदल साठवून ठेवले की ते एकत्र येऊन कोसळतात, हा अनुभव तिथे मिळाला.

जुलै २००४ मध्ये कॅनडातील ओटावा येथे गाभ्याचे प्रमुख लेखक जमले आणि त्यांनी २.७ ही प्रयोगशाळा उघडायचीच नाही असे ठरवले. बाहेरच्या अनेकांना तो आत्मघात वाटला. पुढच्या वर्षभरात त्यामागील रीत स्पष्ट होत गेली. नवे काही आत घेण्यासाठी दर आवृत्तीच्या आरंभी दोन आठवड्यांचे दार उघडते. ते बंद झाले की पुढील सहा-सात आठवडे फक्त दोष काढायचे. नंतर आवृत्ती प्रसिद्ध होते आणि दार पुन्हा उघडते. साधारण नऊ ते दहा आठवड्यांचे हे चक्र आजही चालू आहे. मार्च २००५ पासून ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि ख्रिस राइट यांनी प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीला केवळ दुरुस्त्या पुरवणारी वेगळी शाखा सुरू केली. तिचे नियम मला एखाद्या जुन्या दप्तरखान्यातील नियमांसारखे वाटतात : दुरुस्ती शंभर ओळींहून मोठी नसावी, उघडच बरोबर असावी, आणि मुख्य प्रवाहात ती आधी स्वीकारली गेलेली असावी. या शेवटच्या अटीचे मोल मोठे आहे. तिच्यामुळे जुन्या आवृत्तीत बरी झालेली जखम नव्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही.

येथपर्यंत काळाची वाटणी झाली. परंतु केवळ वेळापत्रकाने विश्वास निर्माण होत नाही. त्यासाठी 'काय बदलणार नाही' हे सांगावे लागते. लिनक्सच्या गाभ्याचे उत्तर नेमके आहे. आतील रचना कधीही, कितीही बदलेल. आतल्या भागांनी एकमेकांना दिलेली कोणतीही हमी कायम नाही. परंतु बाहेरच्या आज्ञावलीला गाभ्याने जी वागणूक काल दिली तीच उद्याही दिली पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. कचेऱ्यांचे फलक बदलले, शिक्के बदलले, छिंदवाड्याला होणारे हेलपाटे कमी झाले. पण शाळेच्या पत्त्यातील पिनकोड तोच राहिला, आणि जुन्या पत्त्यावर टाकलेले पत्र पोहोचतेच. गाभ्याचे वचन साधारण या जातीचे आहे.

हे वचन किती काटेकोर आहे याचा एक विनोदी पुरावा सांगतो. जुलै २०११ मध्ये लिनक्सला वीस वर्षे होत आली म्हणून २.६ चा लांबत चाललेला क्रमांक सोडून ३.० असा सुटसुटीत क्रमांक दिला गेला. आत विशेष काही बदलले नव्हते. तरी काही आज्ञावल्या अडखळल्या, कारण आवृत्ती २.६ नेच सुरू होणार असे त्यांच्या लेखकांनी गृहीत धरले होते. चूक उघड त्यांची होती. परंतु गाभ्यात एक सोय करण्यात आली : अशी आज्ञावली विचारू लागली तर तिला ३.० ऐवजी २.६.४० असा क्रमांक सांगावा. घरातील वृद्धांना न दुखावता सूनबाईंनी नवा संसार चालवावा, तसाच हा प्रकार. डिसेंबर २०१२ मध्ये एका बदलामुळे बाहेरच्या आज्ञावल्या बिघडल्या आणि संबंधिताने दोष त्या आज्ञावल्यांवर ढकलला, तेव्हा टोरवाल्ड्स यांनी जाहीरपणे फार कठोर शब्दांत त्याची कानउघाडणी केली. त्या भाषेचे समर्थन मी करणार नाही. पुढे २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या वागण्याबद्दल क्षमा मागितली. मात्र त्या रागामागील नियम योग्य होता असेच माझे मत आहे.

संपूर्ण प्रणाली बांधणाऱ्यांचा मार्ग थोडा निराळा. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन प्रकल्पाने तीन दालने ठेवली : अस्थिर, चाचणीचे आणि स्थिर. नवी वस्तू पहिल्या दालनात येते, ठरावीक दिवस तिच्यात गंभीर दोष आढळला नाही तर दुसऱ्यात सरकते, आणि काही काळाने दुसरे दालन गोठवून त्याचेच तिसरे बनते. येथे रोग उलट्या दिशेचा झाला. जुलै २००२ मध्ये एक स्थिर आवृत्ती निघाली आणि पुढची निघण्यास जून २००५ उजाडला. परिपूर्णतेच्या आग्रहात जवळजवळ तीन वर्षे गेली, आणि त्या अवधीत, ऑक्टोबर २००४ मध्ये, डेबियनच्याच सामग्रीवर दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देणारी उबुंटू ही प्रणाली जन्माला आली. पुढे उबुंटूलाही २००६ पासून दीर्घकाळ टिकणाऱ्या आवृत्त्या वेगळ्या काढाव्या लागल्या, आणि डेबियन सुमारे दोन वर्षांच्या अंतरावर स्थिरावला. दोघे विरुद्ध टोकांकडून निघून एकाच मुक्कामाजवळ आले.

या दालनांचा उपयोग काय, ते मार्च २०२४ मध्ये जगाने पाहिले. फायली लहान करून साठवणाऱ्या 'एक्सझेड' नावाच्या एका छोट्या मुक्त आज्ञावलीत, दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्याच्या नावाने चोरदरवाजा बसवला गेला होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले आणि त्यावरून त्याने तो उघडकीस आणला. तोवर दूषित आवृत्ती डेबियनच्या अस्थिर आणि चाचणीच्या दालनांत शिरली होती. स्थिर दालनात ती पोहोचली नव्हती. तथापि हे सर्वस्वी दालनांचे यश म्हणता येणार नाही. अस्थिर दालनात राहून अर्ध्या सेकंदाची चौकशी करणारा चिकित्सक माणूस नसता, तर तीच वस्तू यथावकाश स्थिर म्हणून पुढे गेली असती.

आता मी आपल्या भाषेकडे वळतो. मराठीने या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचे चटके सोसले आहेत.

नव्वदच्या दशकात मराठी संगणकावर आली ती फाँटच्या वाटेने. अक्षरांना क्रमांक देणारे 'इस्की' हे भारतीय मानक १९८८ मध्ये आले आणि १९९१ मध्ये सुधारले गेले. पुण्याच्या सी-डॅकने त्या मार्गाने काम केले. परंतु छपाईच्या धंद्यात प्रत्येक फाँटकाराने इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे आपल्या सोयीने बसवले. एकाच्या घरात 'क' जेथे, तेथे दुसऱ्याच्या घरात वेलांटी. ही शुद्ध नवता होती. वचन कोणी कोणालाच दिलेले नव्हते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका स्नेह्याने त्या काळातील एका स्मरणिकेची सीडी माझ्याकडे आणली. फाइल उघडली, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा नुसता पाऊस. फाँट विकणाऱ्याचा पत्ता नव्हता, छापखाना बंद झाला होता. कागदावरची प्रत होती म्हणून मजकूर वाचला. भोसल्यांच्या काळातील मोडी कागद आज मोजक्याच जाणकारांना लागतात. येथे मात्र अवघ्या वीस वर्षांत लिपी न बदलताच लेखन अवाचनीय झाले होते.

याला उत्तर मिळाले ते युनिकोड या जागतिक मानकाने. १९९१ च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतली होती. १९९६ मध्ये कोरियन अक्षरे एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवल्याने इतका गोंधळ माजला की, त्यानंतर युनिकोडने प्रतिज्ञाच केली : एकदा दिलेली जागा पुन्हा हलणार नाही आणि दिलेले अक्षर काढून घेतले जाणार नाही. नवे फक्त वाढत जाईल.

या प्रतिज्ञेची किंमतही मराठीने मोजली आहे. 'ॲ' हे अक्षर आपण 'बॅट' किंवा 'ॲलोपॅथी' अशा शब्दांमुळे पूर्वीपासून जाणतो. बॅटमधील चिन्ह मानकात होते, पण शब्दारंभी येणारा स्वतंत्र 'ॲ' २००८ मधील ५.१ या आवृत्तीपर्यंत नव्हता. तोवर लोक 'अ' वर चंद्र चढवून वेळ निभावीत. आज दोन्ही प्रकारचे लेखन अस्तित्वात आहे. डोळ्यांना ते एकच दिसते, परंतु संगणकाच्या लेखी ते वेगळे असते. शोधणाऱ्या आज्ञावलीने मुद्दाम सोय केली नसेल तर एक टंकून दुसरे सापडत नाही. 'तऱ्हा' आणि 'बिऱ्हाड' यांतील पापणीसारखा रफार तर हिंदीला लागतच नाही. तो लिहिण्याची एक रीत मानकाने आधी सांगितली, नंतर दुसरी रीत श्रेयस्कर ठरवली, आणि जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून पहिलीही मान्य ठेवली. ज्यांना एकच शुद्ध रूप हवे असते अशा व्याकरणप्रेमींना हे खटकेल. मला त्यात शहाणपण दिसते, कारण पर्याय एकच होता : आधी लिहिलेले मोडू देणे. आणि याच संयमी मानकात २०१४ मध्ये मोडी लिपीचाही समावेश झाला, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

परंतु अक्षराला क्रमांक मिळाला म्हणजे ते पडद्यावर नीट उमटते असे नाही. मुक्त प्रणालीत मराठी आणण्याचे दोन मार्ग या शतकाच्या आरंभी दिसतात. मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने 'इंडिक्स' या प्रकल्पात पडद्यावर चित्र काढणाऱ्या मूळ थरातच भारतीय लिप्यांची जुळणी करण्याचा प्रयत्न केला. त्याच संस्थेशी निगडित असलेले सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी 'मंगल' आणि मुक्त परवान्यावर 'रघू' हे फाँट घडवले. दुसरीकडे प्रकाश अडवाणी आणि वेंकटेश हरिहरन यांनी २००० च्या सुमारास सुरू केलेल्या 'इंडलिनक्स' या स्वयंसेवी उपक्रमाने जगभरच्या मुख्य प्रकल्पांतच भारतीय भाषा घालण्यावर भर दिला. पहिल्या मार्गातील कल्पकता मोठी होती, टिकला दुसरा. मुख्य प्रवाहाबाहेर ठेवलेला बदल प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर पुन्हा शिवावा लागतो, आणि शिवणारे हात थकतात. मुख्य प्रवाहात मिसळलेला बदल इतरांच्या श्रमाने पुढे जातो. आज फायरफॉक्स आणि अँड्रॉइड यांत देवनागरीची जोडाक्षरे जुळवण्याचे काम 'हार्फबझ' ही मुक्त आज्ञावली करते. देवनागरी फाँट बांधण्याची एक जुनी आणि एक नवी अशा दोन पद्धती आहेत. हार्फबझ दोन्ही सांभाळते, म्हणून जुने फाँट टाकून द्यावे लागले नाहीत.

आणि मग भाषांतर. १४ फेब्रुवारी २००९ रोजी आलेल्या डेबियनच्या 'लेनी' या आवृत्तीत स्थापनेच्या आज्ञावलीला ज्या नव्या भाषा मिळाल्या त्यांत मराठी होती. म्हणजे रिकामा संगणक सुरू केल्यापासूनच प्रश्न मराठीत. या कामाची रीत सांगितली पाहिजे, कारण स्थैर्याचा खरा अर्थ मला तेथे कळला. आज्ञावलीतील प्रत्येक इंग्रजी वाक्य आणि त्याचे मराठी रूप यांची जोडी एका यादीत असते. मूळ लेखकाने इंग्रजी वाक्यात एक शब्द बदलला, किंबहुना एक स्वल्पविराम हलवला, तरी जोडी संशयास्पद ठरते आणि भाषांतरकाराने पुन्हा तपासून मान्य करेपर्यंत मराठी वाचकाला इंग्रजी वाक्य दिसते. बर्लिनमध्ये कोणी तरी आपले व्याकरण सुधारतो आणि पांढुर्ण्यात मराठी नाहीशी होते. जर्मनसारख्या भाषेचे भाषांतरकार पुष्कळ असतात, ते आठवड्याभरात भरून काढतात. मराठीत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि तेही नोकरी सांभाळून रात्री बसणारे. नव्या सोयी जितक्या वेगाने येतात तितक्या वेगाने लहान भाषा मागे पडतात. म्हणून आवृत्ती निघण्यापूर्वी काही आठवडे वाक्ये गोठवण्याचा नियम अनेक मुक्त प्रकल्प पाळतात. गोठवण्याचा हा काळ प्रमुख लेखकांना कंटाळवाणा वाटतो. मराठीच्या दृष्टीने वर्षातील तेवढेच दिवस मोलाचे.

सीमेवरच्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. १९५६ मध्ये नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. कचेरीची भाषा एक, घरची दुसरी, आणि एकाच देवनागरीत हिंदीचा 'ल' वेगळा, मराठीचा पाकळीचा 'ल' वेगळा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' मराठीसाठी निश्चित केले. युनिकोडमध्ये दोन्ही 'ल' एकाच क्रमांकाचे आहेत. मजकूर मराठी आहे असे संगणकाला सांगितले तर आधुनिक फाँट मराठी वळण काढू शकतो. साठवलेले अक्षर तेच, रूप प्रसंगानुसार. जुने न मोडता नवे देण्याचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

तरीही हे तह सर्वांना सारखे लाभदायक झाले असे मी म्हणणार नाही. अचूक वेळेत काम करण्याची हमी देणारी सुधारणा सुमारे वीस वर्षे गाभ्याच्या बाहेर घासूनपुसून नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ मध्ये पूर्णपणे आत आली. याउलट, फायली ठेवण्याची 'बीकॅशएफएस' ही नवी पद्धती जानेवारी २०२४ मध्ये आत आली आणि २०२५ मध्ये बाहेर काढली गेली. तिचा लेखक कुशल आहे. परंतु दार बंद झाल्यावरही तो महत्त्वाच्या म्हणून नव्या गोष्टी पाठवीत राहिला आणि वाद विकोपाला गेला. आपल्या वापरकर्त्यांचा डेटा वाचवण्यासाठी घाई आवश्यक होती असे त्याचे म्हणणे होते. ते सर्वस्वी खोटे नव्हते. नियम पाळला गेला, आणि भुर्दंड त्या पद्धतीवर भरवसा ठेवलेल्या वापरकर्त्यांना बसला.

यंत्रांच्या बाबतीत तर वचनाला मुदत असते. टोरवाल्ड्स यांनी ज्या ३८६ जातीच्या संगणकावर लिनक्सचा प्रारंभ केला, त्या जातीचाच आधार २०१३ मधील ३.८ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला. दीर्घकालीन आवृत्त्यांना दुरुस्त्या पुरवण्याची दोन वर्षांची मुदत २०१७ मध्ये सहा वर्षांपर्यंत वाढवली गेली आणि २०२३ मध्ये ती पुन्हा दोनवर आणण्याचे ठरले. सांभाळणारे थोडे, वापरणारे अगणित, आणि त्यातील पैसेवालेही फुकटच वापरणारे. मुक्त प्रणालीतील स्थैर्य हे शेवटी कोणाच्या तरी वेळेतून येते. तो वेळ कोण देणार, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मला अद्याप दिसलेले नाही.

हा प्रश्न शाळांच्या दारापर्यंत आलेला आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि शाळांतील पुष्कळ संगणक पुढील आवृत्तीस अपात्र ठरतात. केरळने आपल्या सरकारी शाळांत या शतकाच्या पहिल्या दशकातच मुक्त प्रणाली आणली आणि तिच्यासाठी उबुंटूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या आवृत्त्यांचा पाया घेतला. वर्गात दर सहा महिन्यांनी पडदा बदलला तर शिक्षकाने शिकवायचे काय, असा त्यामागील साधा विचार असावा. आपल्याकडील देणगीदाखल आलेली जुनी ३२-बिट यंत्रे मात्र आणखी मागची आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीत अशा यंत्रांवर नव्याने स्थापना करण्याची सोय ठेवलेली नाही. बारावी आवृत्ती त्यांवर चालते, आणि तिच्या दीर्घकालीन आधाराची जाहीर मुदत जून २०२८ पर्यंत आहे. तोवर त्या यंत्रांवर मराठीतून काम करता येईल. ज्या माजी विद्यार्थ्यांना रात्रीचा एखादा तास काढणे शक्य आहे, त्यांच्यासाठी मराठी वाक्यांच्या संशयास्पद जोड्यांची यादी तपासणीची वाट पाहत आहे.